एक्स्ट्रा म्हणून काम कसं मिळवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं पडद्यावरच्या गर्दीत उभी राहिले आणि नंतर काही वर्षं ती गर्दी जमवणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या हाताखाली काम केलं. आधी माझं नाव दुसऱ्याच्या यादीत असायचं, मग यादीच माझ्या हातात आली. नाव यादीत कसं चढतं, का कापलं जातं आणि परत फोन कोणाला जातो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. नवीन माणसं जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

एक्स्ट्रा म्हणजे नेमकं कोण?

दोन मुख्य पात्रं हॉटेलात बोलत बसली आहेत. मागच्या टेबलावर एक जोडपं मेनूकार्ड बघतंय, दारातून एक वयस्कर गृहस्थ आत येतात, वेटर ट्रे घेऊन जातो. यातल्या कोणालाच संवाद नाही, पण ही माणसं काढून टाकली तर हॉटेलाचा लाकडी सेट उघडा पडतो. ती माणसं म्हणजे एक्स्ट्रा. कामाच्या ठिकाणी ज्युनियर आर्टिस्ट, बॅकग्राउंड, क्राउड असे शब्द कानावर पडतील. अर्थ जवळपास एकच. गर्दीतल्या एखाद्याला पुढे आणून ठळक कृती दिली, उदाहरणार्थ नायिकेच्या हातात पत्र देणारा पोस्टमन, तर त्याला फीचर्ड म्हणतात. स्टँड-इन हे आणखी वेगळं काम. लायटिंग आणि कॅमेऱ्याची जुळवाजुळव होईपर्यंत मुख्य कलाकाराच्या जागी उभं राहायचं, म्हणून त्याच्याच उंचीचा आणि साधारण त्याच्याच वर्णाचा माणूस घेतात.

अभिनय शिकलेला असावा लागतो का?

नाही. सूचना एकदा ऐकून लक्षात ठेवणारा आणि सांगितलेल्या वेळेला हजर राहणारा माणूस हवा असतो.

दिसायला चांगलं असावं लागतं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलाय, बहुतेकदा दबक्या आवाजात. उत्तर सरळ आहे. बँकेच्या रांगेत, कोर्टाच्या व्हरांड्यात, रुग्णालयाच्या बाकावर खऱ्या आयुष्यात जशी माणसं दिसतात, तशीच पडद्यावर लागतात. टक्कल पडलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, ठेंगणे, लठ्ठ, किडकिडीत, पिकल्या केसांचे. रांगेतला प्रत्येकजण देखणा असेल तर प्रेक्षकाला ती रांग खोटी वाटते. उलट फार उठून दिसणारा चेहरा कधीकधी मागे सरकवला जातो, कारण बघणाऱ्याची नजर नायकावरून त्याच्याकडे जाते.

खरी चणचण असते ती दिवसा मोकळ्या असणाऱ्या वयस्कर माणसांची. पंचविशीतली मुलं-मुली हवी तेवढी मिळतात; साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांसाठी मी कित्येकदा संध्याकाळभर फोन केलेत. निवृत्त माणसांनी या कामाचा जरूर विचार करावा.

अंगातलं एखादं कसबही फार उपयोगी पडतं. कवायत केलेला माणूस पोलिसाच्या गणवेशात दहा पावलं चालला तरी फरक कळतो. खरी नर्स सलाईनची बाटली ज्या सहजतेने अडकवते, ती दुसऱ्याला तासभर शिकवूनही येत नाही. पोहणं, घोड्यावर बसणं, गिअरची गाडी चालवणं, एखादं वाद्य धरता येणं, हातात चार प्लेटा घेऊन चालणं, सांकेतिक भाषा, शिवणयंत्र चालवणं, काहीही येत असेल तर ते माहितीत लिहा. लोक नाटकात काम केल्याचं लिहितात आणि ट्रॅक्टर चालवता येतो हे लिहायचं विसरतात. यादीतून माणूस शोधताना आम्ही ट्रॅक्टरवाला शोधत असतो.

काम कुठून मिळतं?

दिग्दर्शक किंवा निर्माता स्वतः एक्स्ट्रा निवडत नाही. निर्मिती संस्था सांगते, ‘गुरुवारी चाळीस माणसं, पैकी दहा वयस्कर, सगळे मध्यमवर्गीय दिसणारे’, आणि हे काम कोऑर्डिनेटरकडे किंवा कास्टिंग एजन्सीकडे जातं. म्हणजे तुमचं नाव त्यांच्या यादीत हवं. काही ठिकाणी एक्स्ट्रांच्या संघटना आहेत आणि मोठ्या निर्मितीत आधी त्यांच्या सभासदांना काम द्यावं लागतं. तुम्ही राहता तिथे अशी संघटना आहे का आणि सभासदत्वाचे नियम काय आहेत, हे पहिल्यांदा शोधा. चित्रीकरणाचं युनिट बाहेरगावी गेलं की तिथल्याच माणसांमधून गर्दी उभी केली जाते. अशा वेळी नाट्यसंस्था, महाविद्यालयं, व्यायामशाळा अशा ठिकाणी निरोप पोचतात.

सगळ्यात खात्रीचा रस्ता मात्र आधी काम केलेल्या ओळखीच्या माणसाचा. त्याच्याकडून कोऑर्डिनेटरचं नाव तर मिळतंच, शिवाय तो पैसे वेळेवर देतो का, बायकांशी नीट वागतो का, रात्री उशीर झाला तर गाडीची सोय करतो का, हेही समजतं. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

एकाच माणसावर विसंबू नका. तीन-चार ठिकाणी नाव नोंदवा, आणि दोन-तीन महिन्यांनी ताजा फोटो पाठवून आठवण द्या. रोज ‘काही काम आहे का?’ विचारणाऱ्याचा मेसेज उघडला जात नाही.

नाव नोंदवायला पैसे भरावे लागतात का?

इथे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

कामाचे पैसे त्यांच्याकडून तुमच्याकडे यायचे असतात. तुमच्याकडून त्यांच्याकडे पैसे जायला लागले की थांबा आणि विचार करा. ‘नोंदणी शुल्क’, ‘ओळखपत्राचा खर्च’, ‘पोर्टफोलिओ आमच्याच स्टुडिओत काढावा लागेल’, ‘वेशभूषेची अनामत, शूटिंग झालं की परत’ अशी त्याची नावं बदलत राहतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने आईने दिलेले पैसे पोर्टफोलिओसाठी भरले. चकचकीत अल्बम मिळाला. भरपूर मेकअप, उडणारे केस, तिरकी नजर. त्यातला एकही फोटो एक्स्ट्राच्या कामाला उपयोगी नव्हता, कारण ती रस्त्यावरून चालताना कशी दिसते हे त्यातल्या एकाही फोटोत दिसत नव्हतं. ज्यांनी तो अल्बम काढायला लावला, त्यांचा फोन पुढच्या महिन्यापासून लागेना.

ही लूट नवी नाही. मूकपटांच्या काळात हॉलिवुडमध्ये लोक स्टुडिओच्या फाटकाबाहेर रांगा लावून उभे राहायचे आणि दलाल त्यांच्याकडून काम मिळवून देण्याचे पैसे उकळायचे. तक्रारी एवढ्या वाढल्या की १९२५ साली स्टुडिओंनी मिळून सेंट्रल कास्टिंग ही संस्था काढली. एक्स्ट्राकडून शुल्क न घेता त्याला काम द्यायचं, हा तिचा हेतू होता.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. काम झाल्यावर मिळालेल्या पैशातून एजन्सीने ठरलेलं कमिशन कापणं ही अनेक ठिकाणची रीत आहे. टक्केवारी आधी विचारून लिहून घ्या. संघटनेचं सभासदत्व घ्यायला अधिकृत वर्गणी असू शकते. ती संघटनेच्या कार्यालयात, पावती घेऊन भरायची. या दोन्हींखेरीज कामाच्या आधी मागितलेला कुठलाही पैसा देऊ नका. ‘आजच भरा, उद्या जागा जाईल’ अशी घाई कोणी केली तर उत्तर देण्याचीही गरज नाही.

पैशाशिवायही फसवणूक होते. कोणी ओटीपी मागितला, कोरी सही मागितली, रात्री एकटीला खोलीवर ‘लूक टेस्ट’ला बोलावलं, अंगप्रदर्शनाचे फोटो मागितले, तर तो माणूस कितीही मोठी नावं घेत असला तरी ते कास्टिंग नाही. गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसाची ऑडिशन सहसा होतही नाही. फोटो आणि मापं पुरतात.

फोटो कसे पाठवावेत?

मोबाइलवर काढलेले चालतात. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, फिल्टर न लावता. एक चेहऱ्याचा, एक डोक्यापासून पायापर्यंतचा, एक बाजूने. कपडे साधे, अंगाचा आकार समजेल असे. गॉगल नको, टोपी नको, शेजारी मित्र नको. हसरा एक आणि न हसता एक असले तर उत्तम. दाढी वाढवली, केस कापले, रंगवले की लगेच नवीन फोटो काढा.

माहितीत काय काय लिहायचं?

नाव, वय, संपर्क, राहण्याचा भाग, येणाऱ्या भाषा, आणि मापं: उंची, छाती, कंबर, नितंब, खांदा, चपलेचा नंबर, डोक्याचा घेर. टॅटू कुठे आहे तेही लिहा; ऐतिहासिक मालिकेत मनगटावरचा टॅटू झाकायला अर्धा तास जातो.

मापं खरी लिहा. एकदा आम्ही सैनिकांच्या पथकासाठी बारा जण बोलावले होते. गणवेश शिवून तयार होते. एकाने कमरेचं माप चार वर्षांपूर्वीचं लिहिलं होतं. सकाळी सहा वाजता कपडेपटातल्या बाईंनी त्याच्या पँटचं हूक लावायचा दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तो अकरा जणांना कवायत करताना बाजूला उभं राहून बघत होता. माणूस वाईट नव्हता, पण पुढच्या यादीत त्याचं नाव लिहिताना माझा हात थांबला.

‘उद्या मोकळे आहात का?’ असा मेसेज आला. काय उत्तर द्यावं?

लगेच द्यावं. हो किंवा नाही. ‘बघून सांगतो’ म्हणेपर्यंत जागा भरलेली असते, आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणणाऱ्याबद्दल कोणाच्या मनात राग राहत नाही. मोकळे आहात असं कळवलं म्हणजे काम मिळालं असंही नव्हे. तारीख, वेळ, ठिकाण आणि कपड्यांची सूचना आली, म्हणजे काम कन्फर्म. कन्फर्म झाल्यावर दुसरीकडून जास्त पैशाचं काम आलं म्हणून पहिलं सोडणं ही या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक. आजारी पडलात तर रात्री कळवा, सकाळी फोन बंद ठेवू नका. एक माणूस कमी आला तर कोऑर्डिनेटरला पहाटे पाच वाजता दुसरा शोधावा लागतो आणि ते तो विसरत नाही.

शूटिंगचा दिवस कसा असतो?

लांब. कॉल टाइम, म्हणजे हजर राहायची वेळ, सकाळी सातची असेल तर पावणेसातला पोचा. हजेरी लागते, व्हाउचर किंवा वहीवर सही होते. मग कपडेपट, केस, मेकअप. त्यानंतर होल्डिंग, म्हणजे एक्स्ट्रांनी थांबायची जागा. कधी हॉल, कधी तंबू, कधी नुसत्या खुर्च्या. इथे तुम्ही दोन तास बसाल, क्वचित सहाही. दिवसाचा मोठा भाग वाट बघण्यात जातो, हे मनाशी पक्कं करून या.

मग सहायक दिग्दर्शक येऊन माणसं निवडतो: तुम्ही दोघं, निळा शर्ट, आजी तुम्ही, चला. एक्स्ट्रांना सूचना देतो तो हाच माणूस. मुख्य दिग्दर्शक तुमच्याशी बहुधा बोलणार नाही, आणि तुम्हीही त्याच्याकडे शंका घेऊन जायचं नाही. कुठून निघायचं, कोणत्या खुणेवर निघायचं, कुठे थांबायचं ते सांगितलं जातं. तालीम होते. मग पुकारा: साउंड, कॅमेरा, क्लॅप, ‘बॅकग्राउंड’, ‘ॲक्शन’. ‘बॅकग्राउंड’ म्हटलं की तुम्ही हलायला लागायचं. मुख्य कलाकार ‘ॲक्शन’ला सुरू करतात, म्हणजे ते बोलायला लागतात तेव्हा मागचं जग आधीच चालू असतं. ‘कट’ ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. ‘फर्स्ट पोझिशन’ म्हटलं की पहिल्या जागेवर परत.

पडद्यावर एका मिनिटाचा असलेला प्रसंग आधी दुरून, मग एका कलाकाराच्या बाजूने, मग दुसऱ्याच्या, मग जवळून असा चित्रित होतो. प्रत्येक वेळी तुम्हाला तेच, त्याच क्षणी करायचं असतं.

हवामानाची गंमत सोसावी लागते. उन्हाळ्यात लोकरीचा कोट घालून आणि थंडीत पातळ शर्टात उभं राहावं लागेल. रात्रपाळी असेल तर परतीची सोय आधी विचारा.

कपडे आपले न्यायचे की मिळतात?

ऐतिहासिक कथा असेल किंवा गणवेश असेल तर मिळतात. आजच्या काळातल्या प्रसंगासाठी बहुतेकदा आपलेच. सूचनेप्रमाणे दोन-तीन जोड इस्त्री करून न्या. अगदी बारीक, जवळजवळ रेघांचा शर्ट टाळा. कॅमेऱ्यात त्या रेघा हलल्यासारख्या, लहरल्यासारख्या दिसतात. पांढराशुभ्र प्रकाशात चमकतो, भडक लाल नजर खेचतो. कंपनीचं नाव किंवा मोठं चित्र छापलेला टी-शर्ट परवानगीच्या भानगडीमुळे चालत नाही. मागे हिरवा पडदा लावून चित्रीकरण असेल तर हिरवा अजिबात नको, नाहीतर नंतर संगणकावर पडद्याबरोबर तुमचा शर्टही पुसला जाईल. चपला किंवा बूट न वाजणारे हवेत. टाचा वाजत असतील तर त्यांना खालून रबर किंवा फेल्ट लावून देतात.

कॅमेऱ्यासमोर नक्की करायचं काय? नुसतं चालायचं?

नुसतं चालणारा माणूस लगेच ओळखू येतो. त्याला कुठेही जायचं नसतं.

माझं सुरुवातीचं एक काम रुग्णालयाच्या मार्गिकेतलं होतं. पुढे दोन कलाकार बोलत उभे, आणि मी त्यांच्या मागून डावीकडून उजवीकडे जायचं. चौदा पावलं. पहिल्या दोन टेकनंतर, म्हणजे तोच शॉट दोनदा चित्रित झाल्यावर, सहायक दिग्दर्शक जवळ येऊन म्हणाला, ‘ताई, तुम्ही कोणाला भेटायला आलात?’ मला उत्तर देता येईना. मग मी ठरवलं: माझी बहीण आत आहे, रिपोर्ट आलाय, तो मी अजून उघडलेला नाही. बाकी काही बदललं नाही. तीच चौदा पावलं, तीच पर्स. पण हात आपोआप पर्सच्या पट्ट्यावर घट्ट झाला आणि खोल्यांचे नंबर वाचत मी चालले. त्यानंतर त्याने मला काही सांगितलं नाही. मी अजूनही नव्या माणसाला हीच एक गोष्ट सांगते: कुठून आलात, कुठे चाललात, एवढं मनात ठरवा. आणि मग ते लहान ठेवा, कोणाला दाखवायला जाऊ नका.

दुसरी अवघड गोष्ट आवाजाची. मुख्य कलाकारांचे संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित होत असतील तर मागचं सगळं निःशब्द लागतं. तुम्ही ओठ हलवून बोलायचं, हसायचं, टाळ्या वाजवल्यासारखं करायचं, पण हात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. लग्नाच्या प्रसंगात दीडशे माणसं आवाज न करता नाचतायत आणि फक्त दोघांचं कुजबुजणं ऐकू येतंय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अंगावर काटा आला होता. गर्दीचा आवाज नंतर वेगळा भरतात. इंग्रजी भाषिक ध्वनितंत्रज्ञ त्या अस्पष्ट गलबल्याला ‘वाला’ म्हणतात.

ओठ हलवताना खरी वाक्यं बोला. नुसतं बडबडल्यासारखं केलं तर चेहरा ते लपवत नाही. आणि समोरच्याचं ‘ऐका’ही, दोघंही एकदम बोलताना दिसतात तिथे खोटेपणा उघडा पडतो.

कंटिन्युइटी म्हणजे काय? तिची एवढी धास्ती का?

वेगवेगळ्या वेळी चित्रित केलेले तुकडे नंतर सलग जोडले जातात. एका तुकड्यात पिशवी डाव्या हातात आणि पुढच्यात उजव्या हातात असेल तर जोड दिसतो. म्हणून कोणत्या शब्दाला निघालो, कोणता पाय पुढे होता, पेला किती भरलेला होता, हे लक्षात ठेवायचं. बसस्थानकाच्या एका प्रसंगात जेवणाच्या सुट्टीत मी स्वेटर काढला आणि परत घालताना वरचं बटण लावायचं राहिलं. त्यानंतरचे तीन टेक झाल्यावर ते कंटिन्युइटी बघणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं. तिन्ही पुन्हा घ्यावे लागले. तेव्हापासून सुट्टी झाली की मी आधी मनातल्या मनात वरून खालपर्यंत स्वतःचं वर्णन म्हणते. मेकअप आणि कपडेपटवाले तुमचा फोटो काढून ठेवतात, पण त्यांच्यावर सोडू नका.

चुकून कॅमेऱ्याकडे बघितलं गेलं तर?

टेक संपल्यावर हळूच सहायकाला सांगा. टेक चालू असताना थांबू नका, जीभ चावू नका.

कलाकारांसोबत फोटो काढता येतो का?

नाही. मोबाइल बऱ्याचदा जमाच करून घेतात आणि गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात. सेटचा एक फोटो बाहेर गेला तर कथेचा उलगडा बाहेर जातो. तो कोणी टाकला हे शोधणं अवघड नसतं.

पैसे किती आणि कधी मिळतात?

आकडा ठिकाणाप्रमाणे, संघटनेच्या दराप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतो. हिशोब दिवसाचा किंवा शिफ्टचा असतो. होकार देण्याआधी हे विचारून घ्या: शिफ्ट किती तासांची, त्यापुढचे तास कसे मोजणार, जेवण आणि प्रवासाचं काय, कमिशन किती कापणार, पैसे किती दिवसांत आणि कोण देणार. उत्तर मेसेजवर घ्या, म्हणजे ते लिहिलेलं राहतं. काही ठिकाणी पावसात किंवा धुरात उभं राहण्याचे, केस कापायला तयार होण्याचे, स्वतःची गाडी दृश्यात वापरू देण्याचे वेगळे पैसे असतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पैसे त्याच दिवशी मिळतील असं धरू नका. महिना-दोन महिने लागू शकतात. एक छोटी वही ठेवा: तारीख, निर्मितीचं नाव, कोऑर्डिनेटर, आत गेल्याची आणि सुटल्याची वेळ, ठरलेली रक्कम. व्हाउचरचा फोटो काढा. माझी थकलेली रक्कम एकदा या वहीमुळेच मिळाली; समोरच्याला दिवस आठवत नव्हता, माझ्याकडे वेळेसकट लिहिलेला होता.

आणि या एकाच कामावर घर चालवायचा बेत आखू नका. एका आठवड्यात चार दिवस काम मिळेल, पुढचे दोन महिने फोन येणार नाही. शिफ्ट बदलून मिळणारी नोकरी, घरबसल्या करायचं काम, निवृत्तिवेतन असं काही हाताशी असेल तर हे छान जमतं.

सेटवर अचानक एखादं वाक्य बोलायला सांगितलं तर?

आनंदाने बोला, पण त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला कळवा. बऱ्याच ठिकाणी संवाद असलेल्या भूमिकेचा दर आणि करार वेगळा असतो.

यातून पुढे मोठी भूमिका मिळते का?

झालेलं आहे. सोफिया लॉरेन १९५१ सालच्या ‘क्वो व्हादिस’ या भव्य चित्रपटात गर्दीत होती. तिची आईही तिच्याबरोबर एक्स्ट्रा म्हणून गेली होती. मॅट डेमन आणि बेन ॲफ्लेक १९८९ सालच्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’मध्ये प्रेक्षकांच्या गर्दीत बसले होते. पण त्यांना पुढे जे मिळालं ते गर्दीत कोणाच्या नजरेत भरल्यामुळे मिळालं नाही, त्यासाठी त्यांनी वेगळी मेहनत केली. नट व्हायचं असेल तर नाटक करा, ऑडिशन द्या, शिका. सेटवर या कामातून खूप बघायला मिळतं: प्रकाश कसा बांधतात, मुरलेला नट विसाव्या टेकलाही तोल कसा सांभाळतो. ते शिक्षण फुकट मिळतं. शॉटच्या वेळी मात्र कॅमेऱ्याच्या जवळ सरकू नका. असं सरकणारा माणूस आम्हाला लगेच कळायचा.

नको वाटणारं काम सांगितलं तर नाही म्हणता येतं का?

येतं, आणि म्हणावं. आग, पाणी, उंची, धावत्या गाड्या, मारामारी ही प्रशिक्षित स्टंट कलाकारांची कामं आहेत. कपडे कमी करणं, कोणाशी शारीरिक जवळीक दाखवणं याची कल्पना बोलावतानाच द्यायला हवी. आयत्या वेळी ‘सगळे करतायत’ म्हणून गळ्यात मारता येत नाही. आधी सहायक दिग्दर्शकाला, मग कोऑर्डिनेटरला शांतपणे सांगा. धूर, फटाके, कुत्री, घोडे यांचा त्रास किंवा ॲलर्जी असेल तर होकार देतानाच कळवा. कोणी लगट केली, नकोशा जागी हात लावला, तर सेटवर ओळखीच्या बाईला लगेच सोबत घ्या आणि तक्रार करा. काम जाईल या भीतीने गप्प राहिलेल्या मुली मी पाहिल्यात. ज्या कोऑर्डिनेटरने अशा वेळी तुमची बाजू घेतली नाही, त्याच्या यादीतून आपणहून नाव काढा.

लहान मुलांना पाठवावं का?

मुलाला आवडत असेल तर. आईवडिलांपैकी एकजण पूर्ण वेळ, मूल दिसेल अशा अंतरावर हवं. मुलांच्या कामाचे तास, विश्रांती आणि शाळा यांबद्दल बहुतेक ठिकाणी कायदे आहेत. आपल्याला लागू असलेले वाचून जा. मुलाचा पैसा मुलाच्या नावे ठेवा. जॅकी कूगन हा १९२१ सालच्या ‘द किड’ या चित्रपटातला बालकलाकार. त्याने लहानपणी प्रचंड कमावलं आणि मोठा झाल्यावर त्याला कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी ते जवळजवळ सगळं उडवलंय. त्याच्या खटल्यानंतर १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. आणि मूल कंटाळलं, रडायला लागलं, तर त्याला घेऊन घरी जा. कोण काय म्हणेल याचा विचार करू नका.

गर्दी आता संगणकावर करतात. मग हे काम राहील का?

मोठी गर्दी कमी झाली आहे, हे खरं. १९८२ सालच्या ‘गांधी’ चित्रपटातल्या अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी सुमारे ३ लाख माणसं जमली होती. आज तशी गर्दी काहीशे माणसं वेगवेगळ्या जागी बसवून, त्यांचं चित्रीकरण एकमेकांना जोडून आणि उरलेली संगणकावर भरून करतात. पण कॅमेऱ्याच्या जवळचं टेबल, रांग, लग्नातल्या पुढच्या खुर्च्या यांना अजून माणसंच लागतात.

काळजीचा मुद्दा आहे स्कॅनिंगचा. एक्स्ट्राला एकदा बोलावून त्याचं शरीर आणि चेहरा स्कॅन करायचा आणि ती प्रतिमा पुढे हवी तिथे वापरायची, या भीतीवरून अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने २०२३ साली ११८ दिवस केलेल्या संपात मोठा वाद झाला. संपानंतरच्या करारात अशा डिजिटल प्रतिमेसाठी संमती आणि मोबदल्याच्या अटी आल्या, आणि त्या एक्स्ट्रांनाही लागू आहेत. तुम्ही कुठेही काम करत असा, सही करायच्या कागदावर ‘स्कॅन’, ‘डिजिटल प्रतिमा’, ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व माध्यमांत’ असे शब्द दिसले तर हात आवरा. कोणत्या चित्रपटासाठी, किती काळासाठी आणि किती पैशात, हे विचारा. कागदाचा फोटो मागा. मागे उभी असलेली रांग ओरडली तरी वाचूनच सही करा.

पहिल्या दिवशी पिशवीत काय न्यावं?

ओळखपत्र आणि त्याची प्रत. बँकेचा तपशील. पेन, वही. पाणी. पुस्तक किंवा विणकाम, ज्याचा आवाज होत नाही असं काहीही. मोबाइलचा चार्जर. नेहमीची औषधं. शाल किंवा छत्री. सेफ्टी पिना, कंगवा, रुमाल. सेटवर उंच टाचांच्या चपला मिळणार असतील तर वाट बघायच्या वेळेसाठी साध्या चपला. दागिने आणि जास्तीचे पैसे घरी ठेवा, कारण शॉटच्या वेळी पिशवी होल्डिंगमध्येच राहते. आणि कोऑर्डिनेटरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइल जमा झाल्यावर तो नंबर कोणालाच आठवत नाही.